शब्दचर्चा : वाफेचा ढग की बाष्पमेघ?

इंधनसाठ्यावरच्या स्फोटाचा चौकशी अहवाल मराठीत आणतोय. ‘व्हेपर क्लाउड एक्स्प्लोजन’ला ‘वाफेच्या ढगाचा स्फोट’ म्हटलं तर चालेल का?

— ‘वाफ’ नको. वाफ म्हटलं की ती वर जाणारच. पेट्रोलचं बाष्प हवेहून जड, जमिनीलगत सरपटतं. ‘बाष्पमेघ-स्फोट’ लिहा.

— पण इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इंधनसाठ्यावरच्या स्फोटाच्या (११ डिसेंबर २००५) सीसीटीव्हीत पांढरं धुकं स्पष्ट दिसतं की! तीच वाफ ना?

— गंमत तिथेच आहे. टाकीवरून शिंतोडे उडवत कोसळताना पेट्रोलचं भराभर बाष्पीभवन झालं, हवा गारठली आणि हवेतल्याच ओलाव्याचं धुकं झालं. पेट्रोलचं बाष्प त्या धुक्यात मिसळलेलं, पण एरवी ते दिसत नाही. म्हणून साक्षीदाराच्या तोंडी ‘धुकं’ असेल तर धुकंच ठेवा, सुधारू नका.

— मसुद्यात ‘टाकीला गळती लागली’ असं लिहिलंय.

— बन्सफील्डबद्दल असेल तर खोडा. ९१२ क्रमांकाची टाकी फुटली नव्हती, ओसंडली. पातळी दाखवणारा मापक अडकला होता आणि पुरवठा तोडणारा वेगळा स्विचही चालला नाही. गळती म्हटलं की वाचक भोक शोधतो, ओसंडली म्हटलं की मापकाकडे वळतो. तपासाची अख्खी दिशा त्या एका क्रियापदात आहे. जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या इंधनसाठ्यात (२९ ऑक्टोबर २००९) पेट्रोल झडपेच्या उघड्या तोंडातून उसळत होतं, तेही तासाभराहून अधिक. तिथे ‘गळती’ चूक नाही, पण फारच मिळमिळीत.

— आणि भडका की स्फोट?

— बाष्प पेटलं, पण दाब विशेष चढला नाही, तर भडका. चढला तर स्फोट. मोकळ्यावर बहुधा भडकाच व्हायला हवा, म्हणून बन्सफील्डचा दाब बघून तज्ज्ञ चक्रावले. शेवटी बोट गेलं ते रस्त्याकडेच्या दाट झाडाझुडपांकडे. फांद्यांतून जाताना ज्वाळेचा वेग वाढत गेला. दाबाचा पुरावा असतो तो वाकलेल्या खांबांत, मोटारींत, रिकाम्या पिंपांत.

— पिंपं मी ‘फुटली’ लिहिली आहेत. आत्ता फोटो मोठा करून पाहिला, सगळी आत चेपली आहेत. बदलतो.