नायट्रस लावलेल्या एस्टीमचं टायमिंग किती मागं घ्याव? तिसऱ्या गिअरले टकटक वाजू रायलं

दारव्हा_१३००
राम राम मंडळी. माह्यापाशी मारुतीची जुनी कार्बवाली (कार्ब्युरेटरची) एस्टीम हाय, १२९८ सीसी, कंपनीतून निघाली तवा ६५ हॉर्सपॉवरच्या आसपासची. मागची सीट, एसी, सगळं काढून हलकी केली, ४०० मीटरच्या ड्रॅगसाठी तयार करू रायलो. गेल्या महिन्यात २५ हॉर्सपॉवरचा वेट किट बसवला, म्हंजे नायट्रस (इंजिनाले ज्यादा ऑक्सिजन देणारा नायट्रस ऑक्साईड) आन ज्यादाचं पेट्रोल एकाच नोझलातून जाते. किटवाल्यानं देलेल्या कागदावर लिवलं होतं का दर ५० हॉर्सपॉवरले २ डिग्री टायमिंग (पिस्टन टॉपले पोचाच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते ते) मागं घ्या, म्हून म्या अर्धा हिशोब लावला, आयडलवर टायमिंग लाईट धरून ६ चं ५ केलं. मित्राच्या जिनिंगचं आवार उन्हाळ्यात रिकामं रायते, तिथल्या सिमेंटच्या पट्टीवर टेस्ट घेतली. दुसऱ्या गिअरले मस्त उचलते पण तिसऱ्यात बटन दाबलं का डब्यात गोटे हालवल्यावानी टकटक वाजते. प्लग काढून पाह्यले तं चिनीमातीवर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके, आन ३ नंबरच्या प्लगवर एक बारीक चमकदार दाणा. आता आणखी १ डिग्री मागं घेऊ का जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठा टाकू? लय मेहनतीनं इंजिन उभं केलं भाऊ, वाया जाऊ द्याचं नाई.

आर्वी_गॅरेज
भाऊ, आधी बाटलीचा व्हॉल्व्ह बंद कर आन हे सगळं होईपर्यंत उघडू नको. तो चमकदार दाणा म्हंजे तुह्या पिस्टनचं अॅल्युमिनियम हाय. १ डिग्रीनं हे भागत नाई.

२ डिग्रीचा नियम खोटा नाई पण तो अमेरिकेतल्या मोठ्या व्ही-एट इंजिनांचा हाय. ३५० हॉर्सपॉवरच्या इंजिनात ५० टाकले तं सातवा हिस्सा वाढला, तुह्या ६५ मधे २५ म्हंजे जवळपास ४० टक्के वाढ झाली. नायट्रसमधे वजनानं ३६ टक्के ऑक्सिजन रायते, हवेत २३, आन गरमीनं तो फुटला का आग भराभर पसरते. प्रेशरचा मोठा धक्का पिस्टन टॉपवरून १५ डिग्रीच्या आसपास खाली उतरल्यावर बसला पाह्यजे. जुन्याच वेळेले ठिणगी देली तं तो पिस्टन वरच असतानी बसते, तेच तुले टकटक ऐकू येते.

दुसरं, आयडलवरच्या ५ डिग्रीनं काई समजत नाई, नायट्रस तू आयडलवर थोडीच सोडतं. डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगायले ठिणगी वाटणारा डबा) वजनं आरपीएम वाढला का उघडतात आन टायमिंग पुढं नेतात, ते पूर्ण उघडल्यावर किती होते ते मोज. व्हॅक्यूमचा पाईप काढून तोंड बंद करजो. क्रँकच्या पुलीचा घेर मोजून कागदाची पट्टी चिकटव, पुलीचा व्यास १३० मिलिमीटर असंल तं ३० डिग्री म्हंजे ३४ मिलिमीटर. मंग आरपीएम चढवत ने, निशाण सरकायचं थांबलं तिथं वाच. साध्या पेट्रोलवर ३२ च्या आसपास येत असंल तं नायट्रससाठी २७-२८ पासून सुरू कर. मागं घ्याचं तं रोटर ज्या बाजूले फिरते त्याच बाजूले डिस्ट्रिब्युटरची बॉडी फिरवजो, आन हे ध्यानात ठेव का बॉडी १ डिग्री फिरली का क्रँकवर २ डिग्रीचा फरक पडते.

बारदाना_४६
टायमिंगचं वरच्या भाऊनं बरोबर सांगतलं. पण टेस्ट किती वाजता घेतली आन बाटली कुठं होती हे कोणीच इचारलं नाई. दुपारी डिक्कीत असंल तं अर्धा दोष तिथंच हाय. बाहेरचे लोकं बाटलीले हीटर लावतात, ९०० ते १००० पीएसआय प्रेशर भेटाव म्हून. आपल्याकडं ३० डिग्रीतच ९०० च्या वर जाते, आन ३६ डिग्रीच्या थोडं पुढं गेलं का नायट्रस द्रव रायतच नाई, मंग नोझलातून किती गेलं याचा भरवसा नाई. प्रेशर वाढलं का नायट्रस ज्यादा घुसते, पेट्रोल मातर तेवढंच, मिक्श्चर लीन, म्हंजे पेट्रोल कमी पडते. मे महिन्यात आपली डिक्की ५० च्या वर तापते. बाटलीवर ओला बारदाना टाक, सावलीत ठेव, गेज लावल्याशिवाय एकही रन घेऊ नको, आन टेस्ट पहाटे घे. बाटली पेसोच्या (स्फोटकं आन गॅस सिलेंडरवर नजर ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) मंजुरीचीच पाह्यजे, त्याचं हेडऑफिस आपल्या नागपुरातच हाय, दूर जा लागत नाई.

आन जिनिंगच्या आवारात कोपऱ्यात रुई, सरकी पडलेली असते. एक बॅकफायर झाला तं काय होईल समजून घे. पट्टी झाडून घे आन आग विझवायचं सिलेंडर हाताशी ठेव. आवार बंद झालं म्हून समृद्धीवर मातर नेऊ नको, हात जोडतो.

मेकॅनिकल_अमरावती
जेटबद्दल. टायमिंग आणि जेट दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही, पण जेट बघावा लागेलच कारण तुमचा कार्ब साध्या पेट्रोलच्या काळातला आहे आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. त्याला १ किलोमागे साडेतेरा किलोच्या आसपास हवा लागते, साध्याला १४.७, म्हणजे जुन्या जेटवर गाडी नायट्रस नसतानाही लीन चालते आहे. प्लग एक नंबर थंड घाला, एनजीकेमध्ये आकडा मोठा तो थंड, ६ असेल तर ७, आणि पुढे आलेल्या टोकाचा नको. गॅप ०.७५ मिलिमीटर ठेवा.

दारव्हा_१३००
सगळ्यायले मनापासून धन्यवाद. पट्टी चिकटवून मोजलं, आयडलवर ५ आन ४००० वर ३६! वजनं जास्तच उघडू रायलीत. टेस्ट दुपारी ३ वाजता घेतली होती, बाटली डिक्कीतच. ३ नंबरचं कंप्रेशन बाकी तिघायपेक्षा कमी आलं म्हून काल हेड उतरवलं. पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यावानी झाली. पाहून पोटात गोळा आला, पण भोक पडलं नाई. नवा पिस्टन मागवला. बॉडी ४ डिग्री फिरवून २८ करीन म्हंतो, पण मंग आयडलवर टायमिंग टॉपच्या मागं जाते, ते चालते का?

आर्वी_गॅरेज
वेळेवर उतरवलं, बरं केलं. आयडल सुस्त राहील, इंजिन गरम होईल, रनपुरतं चालते, गावातून फिरवू नको. पक्का इलाज म्हंजे वजनांची चाल कमी करून घे, नाईतं नायट्रस चालू असंल तवाच टायमिंग मागं घेणारा रिटार्ड बॉक्स लाव.

पिस्टन बसला का आधी बिना नायट्रसचे दोन रन, मंग नायट्रसचा एकच, आन फुल थ्रॉटलवरच गाडी बंद करून ढकलत आण, आयडलवर आणली तं प्लगवरचं निशाण पुसट होते. नव्या प्लगच्या वाकड्या पट्टीवर रंग बदललेली एक रेघ दिसंल. रेघ वळणाच्या मधोमध असली तं टायमिंग बरोबर. बुडाकडं, चुडीच्या बाजूले सरकली तं अजून मागं घे. टोकाकडं असली तं जरासक पुढं नेता येते, पण एका वेळी १ डिग्री. चारही प्लगचे फोटो इथं टाक, ३ नंबरचा आधी.