स्मारकापाशी लोक थांबतील कसे?

प्रश्न: सामूहिक अत्याचारात बळी गेलेल्यांची ६०० नावं भिंतीवर कोरायची आहेत. लोकांनी नुसता फोटो काढून निघू नये, यासाठी काय करावं?

उत्तर १: वर्णानुक्रम टाळा. एकाच घरातली, एकाच दिवशी मारली गेलेली माणसं शेजारी येऊ द्या. काळ्या ग्रॅनाइटला आरशासारखं पॉलिश करा. नाव वाचताना स्वतःचा चेहरा दिसतो. व्हिएतनाम युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या वॉशिंग्टनमधल्या स्मारकात (१९८२) असाच चेहरा दिसतो.

उत्तर २: वाट अरुंद ठेवा. बर्लिनमध्ये ज्यूंच्या हत्याकांडाच्या स्मारकात २,७११ काँक्रीट ठोकळ्यांमधून एकेकट्यानंच जावं लागतं, गप्पा तुटतात. व्हीलचेअरसाठी मात्र एक वेगळी रुंद वाट हवीच, उतार १:१२ पेक्षा तीव्र नको.

उत्तर ३: अमेरिकेतल्या माँटगोमेरीला झुंडीनं मारलेल्या कृष्णवर्णीयांचं स्मारक आहे; तिथल्यासारखं कॉर्टेन पोलाद (वर गंजाचा थर धरणारं) वापरलंत, तर सुरुवातीला पावसात तांबडं पाणी ओघळतं. खाली फिकट फरशी नको, खडी टाका. आणि अत्याचार कोणी केले तेही कोरा! ‘दुर्दैवी घटना’ लिहिलंत की गुन्हेगार गायब होतो.