मदत हवी आहे : अभ्यासात चित्रांचा उपयोग नेमका कसा करून घ्यावा?

नमस्कार. मी सोलापूरचा असून माझी मुलगी आठवीत आहे. विज्ञानाच्या वहीत ती हृदयाची आकृती पुस्तकावरून हुबेहूब उतरवते. परंतु पुस्तक मिटल्यावर रक्त कोणत्या कप्प्यातून कोठे जाते, हे तिला सांगता येत नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शब्द नुसता लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र काढल्यास तो अधिक लक्षात राहतो आणि त्यासाठी चित्र सुबक असण्याची गरज नसते, असे आढळले होते. मग आमचे चुकते कोठे? नक्कल करताना हात राबतो, डोके राबत नाही, असा माझा तर्क आहे.

माझे वडील चादरींची नक्षी आलेख कागदावर मांडत असत. प्रत्येक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचा एक छेद असल्यामुळे, जॅकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची, कार्डे पाडून ती मागावर चढण्यापूर्वीच चूक कागदावर दिसे. चित्र हे विचार तपासण्याचे साधन आहे, हे मी घरातच पाहिले. ते मुलीच्या अभ्यासात मात्र आणता आलेले नाही.

धडा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तशी कच्ची आकृती काढायची आणि चुका नंतर लाल पेन्सिलीने दुरुस्त करायच्या, ही पद्धत कोणी मुलांसोबत सातत्याने वापरली आहे काय? इतिहास किंवा बीजगणितात काय काढावे? (एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी हा माझा हेतू नाही.) शिक्षक आणि पालक यांनी कृपया प्रत्यक्ष अनुभव लिहावा.