आलाप कापून पाठवलेली सतार: राग पोचतो की नुसता वेग?

मध्यलय (धागा सुरू)

रागसंगीत न ऐकणाऱ्या माणसाला सतारीचं किंवा सरोदचं पाऊण तासाचं ध्वनिमुद्रण पाठवायचं आणि वर "शांतपणे ऐक हं" असं बजावायचं, हे आता थांबवावं. तो चार मिनिटं ऐकतो, हाताला काही लागत नाही, फोन बाजूला ठेवतो. पुढच्या वेळी दुवा उघडतही नाही.

माझा मुद्दा सरळ आहे. नवख्याला आलाप, म्हणजे तबल्याशिवायचा सुरुवातीचा सावकाश भाग, पाठवू नका. तबला सुरू होतो तिथून सहा ते आठ मिनिटं घ्या, शक्यतो मध्यलय तीनताल. सोबत तीनच ओळी लिहा: रागाचं नाव, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आहे, आणि कोणत्या स्वरावर वादक पुन्हा पुन्हा येतोय. सोळा मात्रा बोटांवर मोजायला शिकवा. 1, 5 आणि 13 ला टाळी, 9 ला खाली, म्हणजे टाळी नाही. गतीचा (तालात बांधलेल्या वाद्यरचनेचा) मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, समेवर येऊन पडला की मान आपोआप हलते. मान हलली की श्रोता तयार झाला. आलाप त्यानंतर.

खर्जपंचम

मध्यलयराव, मान हलते ती तालाने. राग कुठे आला त्यात?

मारवा, पूरिया आणि सोहनी घ्या. तिघांचे स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो आणि षड्ज टाळत टाळत जातो. पूरिया गंधार-निषादाकडे झुकतो आणि मंद्रात (खालच्या सप्तकात) रमतो. सोहनी तार (वरच्या) सप्तकात चमकते. म्हणजे फरक आहे तो कुठे थांबायचं आणि किती थांबायचं यात. द्रुत गतीत थांबायलाच जागा नसते. एका मिनिटाचा द्रुत तुकडा ऐकून या तिघांतला फरक ओळखणारा नवखा दाखवा.

दरबारी रागाचा गंधार तर विचारूच नका. त्याचं आंदोलन, म्हणजे झुलणं, सावकाश, वजनदार हवं. लय चढली आणि वादक तार सप्तकात गेला की कान अडाणा या रागाकडे ओढला जातो. आलाप कापलात म्हणजे दरबारीतला दरबारच काढून घेतलात.

टाळीखाली

दोघेही "गत म्हणजे वेग" असं धरून चाललेत. हिशेब करा. विलंबित मिनिटाला 48 मात्रांचं असेल तर तीनतालाचं एक आवर्तन 20 सेकंदांचं. द्रुत 240 वर गेलं की तेच आवर्तन 4 सेकंदांत संपतं. या दोन टोकांच्या मध्ये किती जागा आहे बघा.

मसीतखानी गत विलंबितच असते आणि तिचा मुखडा बाराव्या मात्रेपासून उठतो: दिर दा दिर दा रा, आणि सम. पुढे दा दा रा. मिझराबीचे (सतार छेडायच्या नखीचे) हे बोल ठरलेले असल्यामुळे नवख्याला ओळखायला सोपे जातात. दोन मुखड्यांच्या मधल्या जागेत वादक मींड घेतो (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकतो), एकेक स्वर उलगडतो, म्हणजे आलापाचंच काम तालात होतं. रजाखानी द्रुत, ती सहसा सातव्या मात्रेवरून उठते आणि तिची गंमत वेगळी. नवख्याला मसीतखानी द्या. खर्जपंचम यांचा आक्षेप तिथे बराचसा गळून पडतो.

खर्जपंचम

बराचसा, पूर्ण नाही. ठेका सुरू झाला की नवख्याचा कान तबल्याकडे जातो. डग्ग्या-तबल्याचा आवाज सतारीच्या मींडेपेक्षा ठळक असतो, आणि मिश्रण करणारे हल्ली तबला पुढेच ठेवतात.

मध्यलय

मग जुन्या तबकड्यांचं काय? 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. इनायत खाँसाहेबांची सतार लोकांच्या घरात पोचली ती अशाच तबकड्यांतून. कुणी म्हटलं का, की राग नव्हता त्यात?

आणि 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. दिवसाच्या प्रहरांप्रमाणे राग, सगळ्या रचना आटोपशीर. पुढे रागसंगीताकडे वळलेल्या कितीतरी कानांची सुरुवात तिथे झाली.

कोमलगांधार

इथेच घोळ आहे. तबकडीत राग आटवलेला असे, तुमच्या क्लिपमध्ये तो कापलेला असतो. बासुंदी आटवतात, दुधाच्या पातेल्यातून मधलंच एक भांडं उचललं तर ती बासुंदी होत नाही.

तीन मिनिटांसाठी वाजवणारा वादक पहिल्या वीस सेकंदांत रागाचं तोंड दाखवी, दोन-तीन आवर्तनांत गत मांडी, मोजक्या ताना घेई आणि तिहाईने (तीनदा घेऊन समेवर संपणाऱ्या तुकड्याने) मिटवी. आरंभ आणि शेवट दोन्ही त्याने ठरवलेले. एलपी (मोठी तबकडी) आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, तेव्हा त्याच लोकांनी लगेच आलापाला जागा दिली. 1955 मध्ये सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पहिली मोठी तबकडी केली. त्या परदेशी श्रोत्याला रागाचा गंधही नव्हता. तरी एका बाजूला एकच राग, पिलू आणि सिंधुभैरवी, आणि सुरुवातीला व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांचं थोडकं निवेदन. नवख्यासाठी तुकडे करावेत असं त्यांना वाटलं नाही, समजावून सांगावं असं वाटलं.

मध्यलय

पण राग निवडले ते पिलू आणि सिंधुभैरवी! मारवा नाही निवडला. ठुमरी-धुनेच्या अंगाचे, लगेच मनात शिरणारे. हे माझ्याच बाजूचं झालं.

कोमलगांधार

हे मान्य. राग निवडण्यात तडजोड करा, मी आड येणार नाही. खमाज, झिंझोटी, देस, पहाडी, यांना लांब आलापाची तहानही नसते. रागाच्या आतली तडजोड नको.

तरफ

आलाप पोचत नाही याचं निम्मं खापर फोनवर फोडा. सतारीचा षड्ज काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर) असेल तर मधल्या सप्तकातला 'सा' सुमारे 277 हर्ट्झ, खर्जाच्या तारेचा 'सा' सुमारे 69. फोनच्या स्पीकरला इतकं खालचं मुळातून वाजवताच येत नाही. मंद्रातला आलाप म्हणजे समोरच्याला दूरवर कुणीतरी तार खाजवतंय असं ऐकू येतं. उलट पांढरी तीनच्या बासरीचा 'सा' सुमारे 330 वर असतो, ती फोनवरही बऱ्यापैकी पोचते. म्हणून:

– कानात घालायचे साधे वायरचे इअरफोन घालून ऐक, हे आधी लिहा.
– स्पीकरवर लावून फोनने पुन्हा मुद्रित करून पाठवू नका. आवाज साफ करणारी यंत्रणा सलग चालणारा नाद म्हणजे गोंगाट समजते आणि तंबोरा व तरफांची (सतारीच्या आपोआप घुमणाऱ्या तारांची) आस खाऊन टाकते. उरतो तो मिझराबीचा टणत्कार.
– व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, व्हॉइस मेसेज करू नका.
– आवाज सगळीकडे सारखा करणारं बटण दाबू नका. आलाप हलका आणि 'झाला' (शेवटचा सगळ्यात जलद भाग) दणदणीत, हा फरक वादकाने मुद्दाम ठेवलेला असतो.

आणि प्रकाशित ध्वनिमुद्रण असेल तर फाइलऐवजी अधिकृत दुवा आणि 'इतक्या मिनिटापासून ऐक' एवढं पुरतं. खाजगी मैफलीत चोरून केलेलं मुद्रण कलाकाराला न विचारता फिरवणं, याला रसिकता म्हणत नाहीत.

पायपेटी

मराठी माणसाला हार्मोनियमवरून आणा की. नाट्यपदं कानात असतात, राग ओळखीचा निघतो. गोविंदराव टेंबे, तुळशीदास बोरकर यांची पेटी पाठवा.

खर्जपंचम

पेटीवर प्रेम आहेच. पण तिच्यात मींड नाही. दोन पट्ट्यांच्या मधलं काही वाजत नाही, दरबारीचा गंधार तर झुलणारच नाही. भूप, यमन, नाट्यपदं यांसाठी पेटी चालेल. तंतवाद्याची तयारी म्हणून नको.

टाळीखाली

हाच धागा पकडून सांगतो: आलाप पाठवायचा की नाही हे वाद्यावरही ठरतं. संतूरवर मींड ओढता येत नाही. कलमांच्या (वाजवायच्या लाकडी काड्यांच्या) बारीक आघातांनी स्वर धरून ठेवावा लागतो. तिथे जोड (आलापानंतरचा, तबल्याशिवायचा लयीतला भाग) जास्त खुलतो. सरोदला पडदे नाहीत, पोलादी पट्टीवरून बोट सरकतं, त्यामुळे दोन स्वरांमधला प्रवास नवख्यालाही ऐकू येतो. सतारीत विलायत खाँसाहेबांच्या बाजाची बंद जवारी (तारेचा झाकलेला झंकार) गळ्यासारखी वाटते, रविशंकरांची खुली जवारी आणि खर्ज वेगळंच भारदस्त. पहिला आलाप ऐकवायचा तर मी बासरी निवडेन. पन्नालाल घोषांनी लांब बासरी रागदारीत आणली तेव्हापासून मंद्रातला सावकाश आलाप हीच तिची ताकद आहे, आणि श्वास कुठे संपला ते कुणालाही कळतं.

कोमलगांधार

वेळेचंही बघा. सकाळी आठला मालकंस पाठवणारे थोर आहेत. उघड्या मंडपातल्या मैफलीत आता इलाज उरलेला नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनी रात्री 10 नंतरच्या ध्वनिक्षेपकावर बंधनं आली, आणि सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी पहाटेपर्यंत रंगणाऱ्या मैफली आवरल्या. उत्तररात्रीचे राग व्यासपीठावर दुर्मिळ झाले. फोनवर तरी रात्री साडेअकराला दरबारी पाठवता येतो, आणि त्या वेळी समोरच्यालाही कुठे जायचं नसतं. तेव्हा मात्र आलाप कापू नका.

मध्यलय

ठीक. आता तात्त्विक पुरे. सतारीवरचा चाळीस मिनिटांचा यमन आहे, माणूस अगदी नवा आहे, दहा मिनिटं देईल. कुठे कापायचं ते सांगा.

खर्जपंचम

आलापाची पहिली तीन मिनिटं ठेवा, शेवटची नव्हे. यमन मंद्र निषादावरून उठतो, 'नी रे ग' असा षड्ज टाळून गंधारावर येतो. ती पहिली उठावणी गेली की सगळं गेलं. वादक षड्जावर येऊन विसावला की तिथे थांबा आणि तंबोरा दोन सेकंद चालू राहू द्या. मग तबला येण्याआधीचा मुखडा पकडून पुढची सात मिनिटं. तानेच्या मध्यात कधीही कापू नका. तिहाई होऊन समेवर आले की आवाज हळूहळू उतरवा.

मध्यलय

तीन मिनिटं आलाप दिलात म्हणजे माझं अर्धं मत मोडलंत. दोन करा.

खर्जपंचम

दोन मिनिटांत बहुतेक वादक गंधाराच्या वर जात नाहीत. पंचम दिसू द्या, मग कापा. घड्याळात बघू नका.

टाळीखाली

आणि 'झाला'?

मध्यलय

एक मिनिट, शेवटी, त्या सात मिनिटांतलंच. त्यावर तरी भांडू नका.

तरफ

भांडत नाही. फक्त आवाज आधी कमी करायला सांगा. आलापासाठी वाढवलेल्या आवाजात चिकारीच्या (झाल्यात छेडल्या जाणाऱ्या उंच स्वराच्या) तारा कानात घुसतात.