रोजच्या ऑफिससाठी इलेक्ट्रिक माउंटन बाईक: सगळं धरून खर्च किती, आणि अंग दुखायचं थांबतं का?

घामाघूम:
मंडळी, दीड वर्षापासून इलेक्ट्रिक माउंटन बाईक आहे, मोटर पायडलपाशी, बॅटरी ५०० वॉट-अवर, शॉक फक्त पुढे. आतापर्यंत रविवारी डोंगरात न्यायची तेवढीच, बाकी आठवडाभर भिंतीला टेकून उभी. ऑफिस ११ किमी, शेवटचे दोन किमी चढ. सध्या स्कूटरने जातो, ४५ चं अ‍ॅव्हरेज देते म्हणजे येऊन-जाऊन रोज अर्धा लिटर पेट्रोल. म्हटलं घरात गाडी असताना हे का जाळायचं, म्हणून मागच्या आठवड्यात तीन दिवस बाईकने जाऊन बघितलं. चढावर एक नंबर, घाम अजिबात नाही (नाव बदलावं लागणार बहुतेक) पण सपाट रस्त्यावर टायर असे घोंघावतात की लोक वळून बघतात, आणि तिसऱ्या दिवशी मनगटं आणि बूड दोघांनी संप पुकारला. बॅटरी दोन्ही वेळचं मिळून ५५ टक्के खाल्ली. तर महिन्याला खरा खर्च काय येतो, नुसती वीज नका सांगू, ती मलाही कळते. आणि ही बाईक रस्त्यासाठी सुखाची करता येते का, की विकून साधी सिटी ई-बाईक घेऊ? घरचे म्हणतात स्कूटरला काय धाड भरलीये.

पायडलपुराण:
विजेचं आधी उरकून टाकू. ५०० चे ५५ टक्के म्हणजे २७५ वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे बिलातलं एक युनिट), २२ किमीला भागलं की साडेबारा वॉट-अवर पर किमी. चार्जर थोडी वीज गरम होण्यातच घालवतो, ते धरून रोज युनिटचा तिसरा हिस्सा. महिन्याचे २२ दिवस धरले तर सात युनिट. तुमच्या बिलात हे शोधायला भिंग लागेल.

घोडं पेंड खातं ते चेनपाशी. मोटर पायडलपाशी असली की तिचा सगळा जोर तुमच्या पायाच्या जोरासकट चेनवरून जातो, त्यामुळे साध्या सायकलपेक्षा चेन लवकर ताणते. माझी दोन ते अडीच हजार किमीत ताणली जाते आणि मी पुसून तेल घालणाऱ्यातला आहे, नुसतं तेलावर तेल ओतणाऱ्यातला नाही. तुमचं वर्षाचं अंतर पाच हजारांच्या वर जाईल म्हणजे वर्षाला दोन चेन धरा. चेन मोजायची पट्टी मिळते ती घेऊन ठेवा, ११-१२ गिअरवाल्याला ०.५ टक्के ताण दिसला की बदलायची, चालतंय तोवर चालवू म्हणालात तर ती कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा जुडगा) दाते पण खाऊन टाकते आणि कॅसेट चेनपेक्षा बरीच महाग. अजून एक गंमत, पुढची चकती ३२ दाती असेल तर २५ च्या स्पीडला तुम्ही कायम मागच्या १४ नाहीतर १६ दातांवर असणार, बाकीच्या चकत्या नव्याकोऱ्या आणि या दोनच झिजलेल्या. माझी कॅसेट अशीच गेली, मोठ्या चकत्यांना ओरखडा नाही. आणि हो, गिअर टाकताना पायाचा जोर क्षणभर सोडायचा, मोटर जोरात असताना कडकन गिअर टाकला की चेनचं आयुष्य तिथेच कमी होतं.

आता बॅटरी. तिचं आयुष्य ७०० च्या आसपास पूर्ण चार्ज धरा (५० टक्के दोनदा भरली की तो एक), तुमच्या हिशोबाने चार्जला ४० किमी, हळूहळू कमी होणार ते धरून २५ हजार किमी, म्हणजे चार-पाच वर्षं. नवीन बॅटरीची किंमत विचारून घ्या, २५ हजारने भागा, किमीमागचा सगळ्यात मोठा आकडा तो निघेल. २५ हजार किमीला वीज सगळी मिळून ३७५ युनिटच्या आसपास लागते, त्याच्या शेजारी बॅटरीची किंमत ठेवा म्हणजे कळेल. लोक म्हणतात ना ई-बाईक फुकटात चालते, ते लोक बॅटरी अजून बदललेले नसतात.

रात्रपाळी:
वरच्यात एक भर. बॅटरी रोज १०० टक्के भरून प्लगला ठेवू नका. तुमचं येणं-जाणं ५५ टक्क्यांत होतंय तर ८०-८५ पर्यंत भरली तरी पुरते. लिथियमला ऊन आणि पूर्ण भरून पडून राहणं, दोन्ही सोसत नाही. आणि थंडीत रेंज कमी दिसली तर लगेच बॅटरी गेली म्हणून घाबरू नका, ऊब आली की परत येते.

खाचखळगे:
सुखाबद्दल मी बोलतो कारण दोन वर्षं हेच करतोय आणि पहिले चार महिने तुमच्यासारखाच कळवळत होतो.

पहिले टायर. ते घोंघावणं म्हणजे तुमची बॅटरी बोलतेय. दात्यांचे टायर मातीसाठी, डांबरावर प्रत्येक दाता वाकतो आणि तेवढी ताकद जाते. दोन इंचाच्या आसपासचे गुळगुळीत टायर घाला, माझं तर लगेच जाणवलं, आवाज बंद आणि दोन-तीन वॉट-अवर पर किमी वाचले. दात्यांचे काढून ठेवा रविवारसाठी (रविवारी टायर बदलायचा कंटाळा येतो हे खरं आहे, मी आता डोंगरात जाणंच कमी केलंय, तो भाग वेगळा). हवा बघा, मातीत २०-२५ पीएसआय ठीक, रस्त्यावर वजनाप्रमाणे ३५-४०, टायरच्या बाजूला लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून.

दुसरं, पुढचा शॉक रस्त्यावर तुम्हाला वाटतो तितका कामाचा नाही. मोठा खड्डा तो झेलतो पण सतत बारीक थरथर असते ती टायर आणि सीटच्या दांड्यानेच कमी होते. स्प्रिंगवाला सीटपोस्ट (सीटचा दांडा) लावला तेव्हा माझ्या कमरेने सुटकेचा श्वास टाकला. हँडल ७८० मिमी रुंद असेल तर गर्दीत आरसे मोडत जाल, मी दोन्हीकडून ३० मिमी कापलं आणि तळहात टेकतील असे चपटे ग्रिप घातले. पाठीवर बॅग नको, कॅरिअरला लटकवा, मोटरने घाम वाचवायचा आणि बॅगेने पाठ भिजवायची याला अर्थ नाही. मडगार्ड पूर्ण लांबीचे, ते आखूड प्लॅस्टिकचे शोभेचे असतात.

खर्चात दोन गोष्टी राहिल्या. २३-२४ किलोची गाडी थांबवायची म्हणजे ब्रेक पॅड लवकर जातात, पावसात तर फारच, म्हणून धातूमिश्रित पॅड घ्या, किंचित आवाज करतात पण टिकतात. आणि शॉकची छोटी सर्व्हिस ५० तासांनी करा असं कंपन्या लिहितात, रोज तासभर चालवलीत तर ते अडीच महिन्यातच भरतात. रस्त्यावर तो फार राबत नाही म्हणून मी पावसाळ्यानंतर एकदा करतो. वॉरंटी असेल तर माझं ऐकू नका.

दोनचाकी:
मी उलट सांगतो, विका. २५ च्या वर मोटर मदत सोडते, मग २७ ने जायचं म्हणजे ती वजनदार गाडी स्वतःच्या पायाने ओढायची. बॅटरी संपली तर विचारू नका. आणि एवढी महाग गाडी ऑफिसखाली दिवसभर उभी करायची, माझा जीव तर वरच्या मजल्यावर टांगलेला असायचा.

पायडलपुराण:
दोनचाकी, नवीन घ्यायची असती तर पटलं असतं. घामाघूमकडे आधीच आहे. दोन चेन, पॅड आणि एक टायरचा जोड, यासाठी गाडी कोण विकतं. बॅटरी काढून वर न्या, जाड कुलूप फ्रेम आणि चाक दोन्हींतून. मिटलं.

घामाघूम:
सगळ्यांचे आभार. आत्ता खाली जाऊन हवा मोजली, पुढे १९, मागे २१. आणि सीटचं नाक चांगलं खाली झुकलेलं, डोंगरात चढताना बरं पडतं म्हणून मीच केलं होतं आणि विसरलो होतो, म्हणजे दिवसभर पुढे घसरत होतो आणि सगळा भार मनगटांवर. सीट सरळ केली, ३८ हवा भरली, उद्या तसाच जाऊन बघतो. टायर पुढच्या महिन्यात. घरच्यांना बॅटरीचा हिशोब एवढ्यात सांगत नाही.