"तू नुसते ओठ हलव": समूहगान शिकवणाऱ्यांचे अनुभव

सहावीत असताना समूहगान स्पर्धेच्या तालमीत बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नको." आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. तो फोटो मी कधी घरी लावला नाही.

पुढे मालवणजवळच्या शाळेत मी २८ वर्षं गाणं शिकवलं. सूर लागला तो शेजारच्या भजनीबुवांमुळे. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांमधल्या भजनाच्या सामन्याच्या, तालमीला मी कोपऱ्यात बसायचे. बुवांचं एकच सांगणं, "आदी आयक, मगे गा." दोन महिने मी नुसतं ऐकलं. मग एका रात्री कोरसात गाताना माझा आवाज पेटीत असा मिसळला की मलाच तो वेगळा ऐकू येईना. शिक्षिका झाल्यावर बेसूर मुलाला मी कधी बाहेर काढलं नाही. पेटीला लागून, दोन पक्क्या आवाजांच्या मधे बसवलं. बहुतेकांचा सूर दिवाळीपर्यंत लागायचा. एकाचा दहावीपर्यंत लागला नाही. तोही सगळ्या कार्यक्रमांत गायला.

शाळेत, देवळात, चर्चमध्ये, वाडीच्या मंडळात तुम्ही चार जणांना एकत्र गायला लावलं असेल, तर लिहा.

वेंगुर्ला, चर्चमधले कॉयरमास्तर:
बाई, आमच्याकडे चार आवाज, वरच्यापासून खालच्यापर्यंत: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. बासवाले बहुतेक बोटीवर. म्हणून त्यांची नाताळची तालीम जून-जुलैत, मासेमारी बंद असते तेव्हा. नोटेशन कुणालाच वाचता येत नव्हतं, मग मी सारेगम लिहून दिलं. वरच्यांना प, मधल्यांना ग, खाली सा. तिन्ही सूर पहिल्यांदा नीट जुळले तेव्हा एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, गाता गाता थांबला. म्हणाला, "माझो आवाज खंय गेलो?" तुम्ही पेटीचं लिहिलंत आणि तो डोळ्यांपुढे आला.

चिपळूण, वाडीतलं आरती मंडळ:
गणपतीत चाकरमानी आले की आरती पळायला लागते. बोलून कुणी ऐकत नव्हतं. शेवटी झांजा दोन शांत मुलींच्या हाती दिल्या. लय जागेवर आली.

कुडाळ, प्राथमिक शिक्षक:
संगीतकार वसंत देसाई आमच्या या मुलखातले, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. शाळेच्या हजारो मुलांना ते एकत्र गायला लावत. एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी १९६६ साली संयुक्त राष्ट्रांत गायलेल्या संस्कृत मैत्रीगीताची चालही त्यांचीच. ते मी सातवीला शिकवलं. जोडाक्षरांवर मुलं अडखळली, म्हणून आठवडाभर चाल बाजूला ठेवून फक्त टाळीवर शब्द म्हटले. आता आधी शब्द, मग सूर, हीच माझी रीत.

दापोली, नवी शिक्षिका:
नववीतल्या मुलाचा आवाज फुटलाय. तो मागे जाऊन गप्प उभा राहतो. आणि वर्गासाठी पट्टी कुठली धरू, म्हणजे सा किती उंच ठेवू?

मालवण:
त्याला गप्प ठेवू नकोस गं. पाच सुरांत बसेल अशी खालची ओळ दे, नाहीतर नुसता सा धरायला सांग. ताणून गाऊ देऊ नकोस. पट्टी गाण्यावर ठरते: आधी त्यातला सगळ्यात वरचा सूर शोध आणि मुलांकडून तेवढाच म्हणून घे. माना वर गेल्या, तर पट्टी एक घर उतरव.