मदत हवी आहे: धुतल्यावर लांब झालेला स्वेटर पुन्हा मापात कसा आणावा?

सुईदोरा: वडिलांसाठी बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला आहे. विणून झाला तेव्हा खांद्यापासून काठापर्यंतची लांबी ६४ सेंटिमीटर, म्हणजे अगदी हवी तेवढीच होती. पहिल्यांदा धुऊन वाळल्यावर तीच ७२ सेंटिमीटर भरली. टाके मोजण्यासाठी नमुन्याचा तुकडा विणूनच सुरुवात केली होती, त्यामुळे कृपया तो प्रश्न विचारू नये. स्वेटर लवकरच द्यायचा आहे आणि सगळा उसवण्याची माझी मुळीच तयारी नाही. लांबी कमी करण्याचा खात्रीचा उपाय सांगावा.

उलटसुलट: लोकर कोणती, हेच आपण लिहिलेले नाही. शुद्ध लोकर, ॲक्रिलिक की मिश्रण? ओला असताना दोरीवर टांगला होता की आडवा पसरला होता? सुया कितीच्या? एवढे कळल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला अंदाजपंचेच ठरेल.

ऊबदार: इतका विचार कशाला करायचा? कडक गरम पाण्यात बुडवून चांगला चोळा, आपोआप आटेल. माझा एक स्वेटर असाच आटला होता.

उलटसुलट: ऊबदार, हा सल्ला कृपया देऊ नका. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कापडाचा नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेला जाड थर, होतो. तो परत सुटत नाही, आणि आटणे कुठे थांबवायचे हेही आपल्या हातात राहत नाही.

गोधडी: क्रोशाने विणले असते तर हा प्रश्नच आला नसता. क्रोशाची वीण घट्ट बसते आणि एखादा टाका निसटला तरी ओळी खालपर्यंत सुटत जात नाहीत. मी दोन सुयांचे काम त्यासाठीच सोडले.

टाकेवाली: टाका निसटण्याबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, परंतु क्रोशाला तेवढ्याच आकारासाठी साधारणपणे जास्त लोकर लागते, आणि वजन वाढले की कपडा स्वतःच्या भारानेही ओघळतो. शिवाय सुईदोरा यांचा स्वेटर विणून झालेला आहे.

सुईदोरा: लोकर शंभर टक्के मेरिनो आहे, यंत्रात धुतली तरी चालेल, असे वेष्टनावर छापलेले आहे. टॉवेलवर आडवाच वाळवला, त्यामुळे टांगण्याचा प्रश्न येत नाही. सुया ८ नंबरच्या. आता तरी उपाय सांगा.

मोजपट्टी: कोणत्या पद्धतीचा ८ नंबर? जुन्या ब्रिटिश क्रमांकात ८ म्हणजे ४ मिलिमीटर आणि अमेरिकी क्रमांकात ८ म्हणजे ५ मिलिमीटर. ब्रिटिश पद्धतीत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकी पद्धतीत जाड होते. म्हणून मी नेहमी मिलिमीटरच लिहितो आणि सर्वांनी तसेच लिहावे, असा माझा आग्रह आहे.

सुईदोरा: सुयांवर ४ मिलिमीटर कोरलेले आहे. मापे धुण्यापूर्वी बरोबर होती, हे मी वर लिहिले आहे.

टाकेवाली: वेष्टनावरच्या त्या ओळीतच कारण सापडते. यंत्रात धुण्याजोग्या लोकरीचे खवले बहुधा क्लोरीनच्या प्रक्रियेने झिजवलेले किंवा पॉलिमरच्या पातळ थराने झाकलेले असतात. त्यामुळे ती नमद्यासारखी आटत नाही. मात्र टाक्यांना एकमेकांवर पकडही कमी राहते आणि ओली झाली की वीण पसरते. म्हणूनच गरम पाण्याचाही फारसा उपयोग होणार नाही. नमुन्याचा तुकडा धुऊन, वाळवून मगच मोजायचा असतो. तो तुकडा अजून असेल तर ओला करून, वेष्टनावर परवानगी असल्यास कपडे वाळवण्याच्या यंत्रात मंद उष्णतेवर फिरवून पाहा. अशी लोकर त्यात पुष्कळदा पुन्हा मापावर येते.

ऊबदार: मग वाफेची इस्त्री का नको? तीही उष्णताच आहे.

उलटसुलट: वाफेने वीण सैलावते आणि सपाट होते, आखडत नाही. ॲक्रिलिकला जास्त वाफ दिली तर ते कायमचे लुळे पडते.

दिवाणखाना: स्वेटर ठेवताना तो स्वच्छ असावा. लोकर पतंग खात नाहीत, त्यांच्या अळ्या खातात, आणि घामाचे व अन्नाचे डाग त्यांना विशेष आवडतात.

सुईदोरा: साठवणीबद्दल मी विचारलेले नाही. तुकडा यंत्रात फिरवला. तो बराचसा आखडला, पण पूर्ण नाही. स्वेटर तसाच फिरवला तरी काही सेंटिमीटर उरतीलच, असे दिसते. त्यांचे काय करावे?

टाकेवाली: विणायला सुरुवात काठापासून केली होती की गळ्यापासून?

सुईदोरा: काठापासून. पुढचा आणि मागचा भाग वेगळे विणून शिवले आहेत.

टाकेवाली: मग सगळे उसवण्याची गरज नाही. आधी स्वेटर यंत्रात फिरवून घ्या आणि नंतरच मोजा. बाजूच्या शिवणी खालून थोड्या उसवा. जिथे लांबी संपायला हवी, तिथून नव्या काठाची उंची वर मोजा आणि त्या ओळीतला एकच धागा मधोमध कापा. तो एकेक टाक्यातून ओढत काढा आणि वरचे मोकळे झालेले टाके लगेच सुईवर घ्या. खालचा भाग वेगळा होईल. मग नवा काठ खालच्या दिशेने विणून सैलसर बंद करा. उलट्या दिशेने विणल्याने टाके अर्ध्या टाक्याने सरकतात. साध्या सुलट विणीत ते दिसत नाही, वेण्यांच्या नक्षीत मात्र दिसते. आपली वीण कोणती आहे?

सुईदोरा: साधी सुलट, फक्त काठ एक सुलट एक उलट. बाह्याही मनगटापासून विणल्या आहेत, तेव्हा तिथेही हेच करता येईल. आधी एका बाहीवर करून पाहते आणि इथे कळवते.